दोनदा नाही म्हणायचा कायदा

नाही, पण मी म्हणतो, वास येतो वास येतो म्हणून नाक काय धरून उभे राहिलात? ही तर सुरुवात आहे, अजून थंडी आहे म्हणून बरं, जुलैचं ऊन तापू द्या मग बघा... आणि तो कॅन तसा आडवा नका ठेवू हो, बूच ढिलं असतं त्याचं, उभा ठेवा, हां, आणि उचलायचा नाही, पायानं पुढे सरकवायचा, नाहीतर कंबर धरते, माझी धरलीय. टँकरवाला अजून नळीच उलगडतोय, घाई नाही. तर तुम्ही विचारलंत, की नॉर्डालसारखं टुमदार गाव, दारोदारी बोअर, घरोघरी नळ, मग दर शनिवारी अख्खं गाव फायर स्टेशनसमोर कॅन घेऊन का उभं राहतं? बरोबर माणसाला विचारलंत. कारण या राज्यात आमदारांची लाच बंद करणारा जो कायदा आहे ना, तो मी केलाय. हो, मीच, हार्लन ट्वेट, शाळेचा रिटायर्ड बँडमास्तर. असं बघू नका. कायदा माझा आहे आणि मीही रांगेतच आहे.

आता तुम्ही बाहेरून आलेले, म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून सांगायला हवं. परवा माझी बायको, आर्डिस, तुमच्याकडे लेमन बारचं, म्हणजे लिंबाच्या गोड वड्यांचं, ताट घेऊन आली होती, आठवतं? तिनं ताट पुढे केलं आणि तुम्ही काय केलंत? 'अरे वा' म्हणालात आणि घेतलंत. पहिल्याच झटक्यात! बिचारी घरी आली ती अंगातला कोट न काढता खुर्चीत बसून राहिली. म्हटलं, काय झालं? म्हणाली, 'हार्लन, त्यांनी घेतलं.' म्हटलं, द्यायलाच नेलं होतंस ना? म्हणाली, 'हो, पण लगेच घेतलं.' तुमचा दोष नाही हो, तुम्हाला कोण सांगणार. आमच्याकडे तसं नसतं. आमच्याकडे कुणी काही पुढे केलं की आधी म्हणायचं, नको नको, उगाच कशाला त्रास. मग तो म्हणतो, अहो घ्या हो. मग आपण म्हणायचं, खरंच नको, आत्ताच जेवून आलो. पोटात कावळे ओरडत असले तरी हेच म्हणायचं! मग तो म्हणतो, एवढासा तुकडा. तेव्हा कुठे सुस्कारा टाकून म्हणायचं, बरं बाबा, इतकं म्हणताय तर. दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. मी आर्डिसला लग्नाचं विचारलं तेव्हासुद्धा ती दोनदा नको म्हणाली, आणि मी तिसऱ्यांदा विचारायला अख्खा हिवाळा घालवला, तर तिचे वडील मला रस्त्यात गाठून म्हणाले, अरे, तुझं काही राहिलंय का?

तर पाणी. गावाच्या पश्चिमेला ते लांबलचक पत्र्याचे गोठे दिसतात ना, त्यात डुकरांच्या कंपनीची डुकरं. माणसांपेक्षा जास्त आहेत आणि माणसांपेक्षा जास्त खातात, आणि खाल्लेलं कुठे जातं? तर मागे तळी खणलीत, त्यात. आणि तळ्यातलं कुठे जातं? आता माझ्या तोंडून कशाला वदवून घेता, तुमच्या नळाला विचारा. मोठ्या माणसाला एकवेळ चालून जातं, म्हणजे चालत नाहीच, पण चालवून घेतो आपण. तान्ह्या बाळाला मात्र विष. त्यातलं ते नायट्रेट की काय, ते दुधाच्या बाटलीत गेलं तर मूल निळं पडतं. डॉक्टरच सांगतात.

आणि मला नात झालीय. मारिट. आमच्या सोल्वेगची मुलगी. आमची सोल्वेग शहरात असते, पोर महिन्याची झाली तेव्हा घेऊन आली होती इथे, आम्ही टँकरचं पाणी वेगळं काढून झाकून ठेवलेलं, सगळं व्यवस्थित, आणि पहाटे पोर रडायला लागली तशी आर्डिस झोपेतच उठली, आणि चाळीस वर्षांची सवय हो, किटली धरली नळाखाली. सोल्वेगनं पाहिलं म्हणून. बाटली तोंडात जायच्या आधी तिनं हातातून हिसकावून घेतली. आर्डिसला एक शब्द बोलली नाही, तेच वाईट, बोलली असती तर बरं झालं असतं. उजाडायच्या आत सामान गाडीत. मला दारात म्हणाली, 'बाबा, रागावलेली नाहीये मी. पण नळाला चांगलं पाणी आलं की कळव, तेव्हा येऊ.' तेव्हापासून नाही. आम्ही जातो शहरात, भेटतो, नाही असं नाही, पण तिकडे सोफ्याच्या कडेवर पाहुण्यासारखं बसायचं आणि पोर झोपायच्या वेळेला कोट चढवायचे. इकडे वरच्या खोलीत पाळणा तसाच आहे. आर्डिस त्यात इस्त्रीचे कपडे ठेवते आणि म्हणते, जागा वापरात राहिलेली बरी.  

बरं, उपाय नव्हता का? होता की! पाण्याचं विधेयक होतं, चांगलं खणखणीत, कंपनीनं तळ्यांना बुडातून अस्तर घालायचं आणि खराब झालेल्या प्रत्येक गावाला खोल विहीर खणून द्यायची. पण ते जाणार कुणापुढे? शेतीच्या समितीपुढे. आणि समितीचा अध्यक्ष कोण? आमचेच आमदार अर्लिन रुस्ताद. माझाच विद्यार्थी हो! माझ्या बँडमध्ये टुबा, ते भलंमोठं पितळी वाद्य, वाजवायचा, म्हणजे धरायचा. गाल असे फुगवायचा की प्रेक्षकांना वाटावं याच्यामुळेच बँड चाललाय, आणि आतून आवाज म्हणाल तर शून्य. पुढे त्यानं तेच राजकारणात केलं. विधेयक समितीपुढे आलं त्याच आठवड्यात अर्लिन उत्तरेकडच्या तळ्यावर, कंपनीच्या पाहुणेघरात, कंपनीच्या बोटीत, कंपनीच्या गळानं वॉलाय मासे पकडत बसला होता, आणि विधेयक? पुढच्या अधिवेशनात बघू. पुढच्या अधिवेशनात काय? पुन्हा मासे.

पण पाप काय कधी ना कधी बाहेर येतंच. एक दिवस सभागृहाच्या नेत्याच्या अंगणात नवीकोरी बोट उभी. कुणी दिली? मित्रानं. मित्र कोण? तर मित्राला शेपटी आणि चार खूर. झालं, पेपर पेटले, टीव्ही पेटला, लोक बर्फात पाट्या घेऊन विधानभवनासमोर उभे राहिले, आम्ही पण गेलो होतो, आर्डिसनं सगळ्यांना कॉफी नेली होती. गव्हर्नर घाबरले. म्हणाले, समिती नेमतो, शुद्ध कारभाराचा कायदा करतो, आणि समितीत एक सामान्य माणूस घेतो, कुठल्याच पक्षाचा नाही असा. आणि त्या सामान्य माणसाचं नाव कुणी सुचवावं? अर्लिननं! घरी फोन करून म्हणाला, 'सर, तुमच्यासारखा सरळ माणूस राज्यात नाही.' मी म्हटलं, नको रे, मला काय कळतंय. म्हणाला, 'सर, या हो.' म्हटलं, खरंच नको, गुडघा दुखतो. म्हणाला, 'सर, राज्याला गरज आहे.' म्हटलं, बरं, इतकं म्हणतोयस तर. आता सांगा, तेव्हाच माझ्या लक्षात यायला नको होतं?

गेलो. रोज इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. समितीच्या अध्यक्ष होत्या रिटायर्ड जज स्टेन्सरुद बाई, कडक, त्यांच्यापुढे कोणी घसा पण खाकरत नसे. तीन आमदार, त्यात अर्लिन. आणि कलमं लिहायला एक तरुण वकीलबाई, न्यू जर्सीकडची, हुशार, पण फार भरभर बोलायची आणि ताटातला शेवटचा तुकडा सरळ उचलून खायची. आमच्याकडे शेवटच्या तुकड्याचे सुरीनं अर्धे, अर्ध्याचे पाव, पावाचे आणखी अर्धे करत जातात, शेवटी सुरीला चिकटेल एवढं राहतं तरी कुणी संपवत नाही. ही उचलायची आणि खायची. आम्ही खिडकीबाहेर बघायचो.

मी तर पहिल्याच दिवशी म्हटलं, भानगडच नको, भेटवस्तू बंद. एक पेन्सिलसुद्धा नाही. तर आमदारांचे चेहरे असे पडले... एक म्हणाला, मग शेतकऱ्याच्या घरी गेलो आणि त्यानं कॉफी पुढे केली तर? दुसरा म्हणाला, चर्चच्या तळघरात दफनानंतरचं जेवण असतं, तिथे हॅम सँडविच खाल्लं तर तुरुंगात जायचं का? आणि तुम्हाला सांगतो, मला पटलं हो ते! कुणाच्या घरची कॉफी बेकायदेशीर करणारा माणूस म्हणून मला या गावात राहायचं नव्हतं. मग मीच तोडगा काढला. म्हटलं, देणारा देणारच, त्याला कोण अडवणार, आपण घेणाऱ्याला बांधू. कायद्यात लिहा, कुणीही काहीही देऊ केलं तर लोकप्रतिनिधीनं ते स्पष्ट शब्दांत, साक्षीदारासमोर, नाकारलंच पाहिजे. जजबाईंनी मान हलवली. बाई माणसाकडे बघून नाही, वाक्याकडे बघून मान हलवायच्या, म्हणजे वाक्य चांगलं होतं.

मग ती न्यू जर्सीची लिहिता लिहिता म्हणाली, 'म्हणजे एकदा नाही म्हटलं की झालं.' एकदा!  अहो, एकदाचं नाही म्हणजे आमच्याकडे हो म्हणायच्या आधीचा खोकला. मला म्हणजे इतका राग आला, की मी उभा राहिलो, गुडघा विसरून उभा राहिलो, आणि म्हटलं, बाई, एकदा म्हणून आम्हाला फसवता येणार नाही. हा कायदा कडक झाला पाहिजे. लिहा, दोनदा! किमान दोनदा, ठणकावून. आणि टाळ्या हो! जजबाईंनी टाळ्या वाजवल्या. अर्लिन तर उठून आला, डोळ्यात पाणी, माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, 'सर, दोनदा म्हणजे फार कडक, पण तुमच्यासाठी सोसू आम्ही.' ती पोरगी काहीतरी विचारत होती, 'आणि तिसऱ्यांदा दिलं तर?' असं काहीसं, पण तेवढ्यात कॉफीवाली बाई किटली घेऊन आली. आम्ही सगळ्यांनी म्हटलं, नको नको. ती म्हणाली, घ्या हो. आम्ही म्हटलं, खरंच नको, आत्ताच झाली. ती म्हणाली, अर्धा कप. मग घेतली सगळ्यांनी. आणि त्या गडबडीत तो प्रश्न राहून गेला. ती पोरगी आमच्या सगळ्यांच्या कपांकडे आळीपाळीनं बघत होती, मला वाटलं, तिला पण हवी असेल.

कायदा एकमतानं पास झाला. एकमतानं! तेव्हा तरी माणसाला शंका यावी की नाही? ज्या सभागृहात खिडकी उघडायची की लावायची यावर मतदान होतं, तिथे एकमत? पण नाही, आम्ही पेपरातला फोटो कापून फ्रीजवर लावला. सोल्वेगला फोन केला, म्हटलं, आता बघ, आता पाण्याचं विधेयक कसं सुटतं ते. पोरीचा आवाज पलीकडून, मारिटचा, काहीतरी बा बा बा चाललेलं, आर्डिसनं फोन दोन्ही हातांनी धरला होता.

आणि मग सुरू झालं. काय सुरू झालं म्हणता? अहो, नकार सुरू झाले! विधानभवनाच्या व्हरांड्यातून चाललात की दोन्ही बाजूंनी नुसतं नको नको, छे छे, कशाला कशाला, जसं काही कुणाच्या लग्नात आहेराची रांग लागलीय. इकडे सिमेंटवाला म्हणतोय, 'साहेब, गोल्फचं सदस्यत्व आहे.' 'मुळीच नको.' 'अहो घ्या.' 'मी नाही म्हणतोय, ऐकलंत ना तुम्ही? साक्षीदार ऐकलंत ना?' 'ऐकलं साहेब.' 'आता विचारा.' 'साहेब, घ्याच.' 'काय बुवा तुम्ही पण.' आणि सदस्यत्व खिशात. सगळं कायदेशीर! माझ्या कायद्यानं! पूर्वी घेताना दार तरी लावायचे, आता उजेडात घेतात आणि वर नाकारल्याचं समाधान. दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं, मी म्हणजे आमच्या अख्ख्या गावाचे शिष्टाचार उचलून राज्याच्या कायद्यात नेऊन ठेवले होते.

शिक्षा झाली नाही का कुणाला? झाली की. एकाला. टेक्सासहून इकडे येऊन राहिलेला एक तरुण आमदार, पहिल्यांदाच निवडून आलेला, सकाळी उपाशी आला होता, कुणीतरी डोनटचा खोका पुढे केला आणि हा 'थँक्यू' म्हणाला आणि चावला. दोनदा सोडा, एकदासुद्धा नाही म्हणाला नाही! पकडला. चौकशी, सुनावणी, साखर लागलेला ओठ टीव्हीवर. बिचारा म्हणत राहिला, मला भूक लागली होती, मला भूक लागली होती. राजीनामा द्यावा लागला. आणि दुसरी एक बाई होती उत्तरेकडची, खरीखुरी प्रामाणिक, तिनं तिसऱ्यांदाही नको म्हटलं. लोक म्हणाले, फारच शिष्ट. पुढच्या निवडणुकीत पडली. माझ्याच चर्चमध्ये एकजण म्हणाला, बाई चांगली आहे हो, पण माणसांत मिसळत नाही.

आणि मग आलं आपलं पाण्याचं विधेयक, पुन्हा अर्लिनच्या समितीपुढे. म्हटलं, स्वतः जातो. शेवटी मी त्याचा सर, कधीकाळी छडी उगारलीय त्याच्यावर, बँडला ताल द्यायची छडी, पण छडीच ना. गेलो, त्याच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. तेवढ्यात आला तो कंपनीचा माणूस, ट्रेंट, आमदारांच्या मागे फिरणं हाच त्याचा धंदा, हसरा, दात असे की बर्फात पण चमकावेत. आधी बाहेरचा होता, त्याला जमायचं नाही, पहिल्या नकारालाच पाठ फिरवायचा आणि कंपनीचं नुकसान करायचा, पण शिकला, कंपनीनं त्याला इथल्या एका म्हातारीकडे महिनाभर कॉफीला पाठवला म्हणतात. अर्लिन बाहेर आला, मला बघून म्हणाला, 'अरे सर, बरं झालं तुम्ही आहात. जरा उभे राहा ना इथे.' मी उभा राहिलो. मला काय माहीत?

ट्रेंट म्हणाला, 'साहेब, तळ्यावरचं घर रिकामं आहे. सगळा उन्हाळा.' अर्लिन म्हणाला, 'नको.' ट्रेंट म्हणाला, 'सहकुटुंब या.' अर्लिननं माझ्याकडे बघितलं, छाती पुढे काढली आणि गाल फुगवून, अगदी शाळेतल्यासारखे, म्हणाला, 'मी नाही म्हणतो.' आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, 'सर, ऐकलंत ना? दोनदा झालं ना?'

आता मी काय करावं? खोटं बोलू? झालं होतं ना दोनदा! ऐकलं होतं ना मी! 'झालं,' मी म्हटलं. आवाज असा निघाला, जसा कुणा दुसऱ्याचा. तिसऱ्या वेळेला मी तिथे थांबलो नाही, जिन्यानं खाली आलो, आणि संध्याकाळपर्यंत विधेयक अधिक अभ्यासासाठी पाठवलेलं होतं. अभ्यास कसला? पाणी पिऊन बघा, झाला अभ्यास.

घरी आलो तर आर्डिसनं विचारलं, भेटला का अर्लिन? म्हटलं, भेटला. काय म्हणाला? म्हटलं, नाही म्हणाला, दोनदा. ती खूश झाली. मग मी पुढचं सांगितलं.

पण मी गप्प बसलो नाही हो, एवढं मात्र लिहून घ्या. मी पेटलो. पेपरात बोललो, रेडिओवर बोललो, चर्चच्या तळघरात बोललो, की कायदा बदला, तिसऱ्यांदाही नाहीच म्हटलं पाहिजे. अर्लिनचा फोन आला, अतिशय नम्र. म्हणाला, 'सर, तीनदा केलं तर लोक चौथ्यांदा विचारतील. लोकांना उगाच त्रास.' म्हटलं, होऊ दे त्रास. दुरुस्तीवर सुनावणी ठरली, गुरुवारी, विधानभवनात, आणि साक्षीला कोण? मी. शर्ट धुवायला टाकला, टँकरच्या पाण्यात.

बुधवारी दुपारी दारात गाडी. ट्रेंट. टोपी हातात, बूट पायपुसण्यावर झटकून, आर्डिसला विचारून आत आला. स्वयंपाकघरात बसला. कॉफी दोनदा नको म्हणाला आणि तिसऱ्यांदा घेतली, शिकवलं होतं ना म्हातारीनं. इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, 'सर, मला तुमच्या नातीचं कळलं. वाईट वाटलं. कंपनी तुमच्या अंगणात खोल बोअर पाडून देईल, खडकाखालपर्यंत. पाणी गाळायचं यंत्रही बसवू. पुढच्या आठवड्यात पोर इथे आली तरी हरकत नाही.' साक्षीबिक्षीचं अवाक्षर नाही. कशाला लागतं?

मी म्हटलं, 'नको.'

असं म्हटलं, की मला स्वतःलाच बरं वाटलं. समितीचा सभासद मी, माझाच कायदा मला लागू, आणि साक्षीदार सिंकपाशी उभी, हातात फडकं. ट्रेंट म्हणाला, 'फक्त पाणी आहे सर. पाणीच तर आहे.' आणि खरं सांगतो, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पाळणा आला, त्यातले कपडे बाजूला काढलेले. आर्डिस फडकं पिळत राहिली, त्यात पाणी नव्हतं तरी. मी म्हटलं, 'नको म्हटलं ना.' पण हे दुसरं नको जरा खालच्या पट्टीत गेलं, बँडवाल्याला कळतं ते.

आणि तेवढ्यात ट्रेंटचा फोन वाजला. वाजला म्हणजे थरथरला, टेबलावर, साखरेच्या भांड्याशेजारी. त्यानं उचलून वाचलं. हसला, छान हसला, फोन खिशात टाकला. कॉफी संपवली. आणि उठला हो! उठला आणि म्हणाला, 'सर, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून राज्य चाललंय.' आणि टोपी घातली!

आता तुम्हाला माहीत नसेल, पण आमच्याकडे निरोप एका फटक्यात होत नाही. दारात उभं राहून बोलायचं, मग पायरीवर, मग गाडीपाशी, मग गाडीच्या काचेत वाकून. मी म्हटलं, बोलेल दारात. दारात तो हरणांबद्दल बोलला. म्हटलं, बोलेल पायरीवर. पायरीवर तो रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल बोलला. मी पायात चपला, बाहेर बर्फ, त्याच्यामागोमाग गाडीपाशी गेलो, म्हटलं, यंदा बर्फ जरा लांबलाच नाही का? तो म्हणाला, लांबला. मी म्हटलं, जमीन मऊ व्हायला वेळ लागणार, खणायबिणायचं असेल तर. तो म्हणाला, 'हो ना.' आणि काच वर केली. मी हात हलवला. तो वळणावरून दिसेनासा झाला तरी मी तिथेच.

आत आलो. आर्डिस म्हणाली, 'तू नको म्हणालास ना त्याला?' म्हटलं, हो, दोनदा. म्हणाली, 'मग इतका वेळ बाहेर काय करत होतास?'

फोनवर काय आलं होतं ते संध्याकाळी कळलं. सुनावणी रद्द. दुरुस्तीही अभ्यासाला गेली, पाण्याच्याच फाइलीशेजारी. म्हणजे गुरुवारी मी काही बोलणारच नव्हतो, मग मला कशाला कोण बोअर पाडून देतो? तिसऱ्यांदा विचारतात ते ज्याच्या हातात काही असतं त्याला. माझा गैरसमज होता की ते माझ्या भल्याकरता विचारतात. माणसाला असतो हो असा गैरसमज.

आणि पुढे ऐका, ही तर कमालच. हा किस्सा फुटला, ट्रेंटनंच फोडला असणार, आणि मी एकदम देवमाणूस! उत्तरेकडच्या त्या बाईला विसरून मीच राज्यातला एकमेव, ज्यानं नाकारलं आणि घेतलं नाही. पेपरात फोटो. गव्हर्नरांच्या हस्ते पितळी पाटी, त्यावर माझं नाव आणि प्रामाणिकपणा, अर्लिननं भाषण केलं, म्हणाला, सरांनी आम्हाला सूर शिकवला. मी पाटीला दोनदा नको म्हटलं, पण ती काही त्यांनी मागे घेतली नाही. सोल्वेगचा फोन आला, रडत होती, 'बाबा, मला इतका अभिमान वाटतो तुझा.' म्हटलं, हो ग. म्हटलं, मारिट काय करते? म्हणाली, चालते आता, सोफ्याला धरून. तिकडच्या सोफ्याला हो, आमच्या नाही.

हां, सरकवा, सरकवा कॅन, नळी लागली बघा. पाठीमागचे ओरडायला लागतील, म्हणजे ओरडणार नाहीत, पण खोकतील. तर असं आहे सगळं. लोक मला रस्त्यात थांबवून हात मिळवतात, म्हणतात, तुम्ही मोहाला बळी पडला नाहीत. मी मान खाली घालतो, त्यांना वाटतं नम्रता. आता तुम्हाला म्हणून सांगतो, तुम्ही बाहेरचे, तुम्हाला सांगायला लाज नाही. मी नाही म्हणालो, दोनदा म्हणालो, मनापासून म्हणालो, पण मला नात हवी होती हो घरात. आणि तो जर कुठे भेटलाच तुम्हाला, ट्रेंट, दात चमकतात त्याचे, लगेच ओळखाल... तर मुद्दाम काही सांगू नका, उगाच कशाला त्याला त्रास. सहज विषय निघाला तर म्हणा, ट्वेट मास्तर घरीच असतात. दुपारी जरा आडवे होतात, पण बेल वाजली तर उठतात.